पालटाचा दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'लागोपाठच्या दोन सागरी सफरींच्या मधला दिवस' असे उत्तर दिले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि 'बरं, लिहून घेतो' एवढेच म्हणाले. त्यांची अडचण आम्ही जाणतो. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंतचे विषय विद्वानांनी मांडले, तेथे हा विषय किरकोळ वाटणे साहजिक आहे. आम्ही साहित्यिक नव्हे, की प्रवासवर्णनकारही नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यात लागलो आणि पुढची तीस वर्षे या बंदरातून त्या बंदरात बदल्या घेत लोकांच्या पेट्या तपासण्यात घालविली. परंतु त्या एका दिवसाने आम्हांस जे शिकविले ते या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावे असे मनापासून वाटले, म्हणून हे धाडस.

शिवाय विशाखापट्टणात राहून नौकांविषयी बोलावयास संकोच कशाचा? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने येथे नौकाबांधणीचा कारखाना काढला. त्याची कोनशिला १९४१ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली आणि १९४८ साली 'जलउषा' ही नौका येथूनच पाण्यात उतरली. कारखान्यामुळे, नौदलामुळे, बंदरामुळे आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे या किनाऱ्यावर आली. आता तर २०२३ पासून या बंदरात पर्यटन नौकांसाठी स्वतंत्र टर्मिनलही उभे आहे. तेव्हा आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांना अशा सफरीचा योग येईल, त्यांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, हाही एक हेतू आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सिंगापुरास असतात. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या विवाहास तीस वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी आम्हां उभयतांसाठी सागरी सफर ठरविली. तीन रात्रींची एक फेरी मलेशियाच्या पोर्ट क्लांगपर्यंत, आणि ती संपताच त्याच नौकेवर, त्याच खोलीत, चार रात्रींची दुसरी फेरी पेनांग आणि फुकेतची. आम्ही रीतसर रजेचा अर्ज केला, परदेशगमनाची परवानगी मिळविली आणि निघालो. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसाविषयी आम्ही चिरंजीवांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, त्या दिवशी तुम्हांला काहीच करायचं नाही. नौका तीच, खोली तीच. आरामात बसा." हे त्यांचे बोलणे किती अपुरे होते, हे पुढे कळले.

या मधल्या दिवसाला त्या व्यवसायात 'टर्नअराउंड डे' म्हणतात. आम्ही त्याला पालटाचा दिवस म्हणू. पहाटे नौका आपल्या मूळ बंदरात परतते, दुपारपर्यंत जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि सायंकाळी ती पुन्हा निघते. मोठ्या नौकांच्या बाबतीत हा पालट केवढा असतो, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. २०२४ साली सेवेत आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' ही नौका पूर्ण भरली तर सुमारे साडेसात हजार प्रवासी नेते, आणि त्यांच्या सेवेस तेवीसशेंहून अधिक कर्मचारी असतात. मायामीच्या बंदरात एका दिवसात एवढी माणसे उतरवून तेवढीच पुन्हा चढवावयाची, म्हणजे सकाळी एक तालुक्याचे गाव रिकामे करून दुपारी दुसरे वसवावयाचे! आमची नौका इतकी मोठी नव्हती, पण रीत तीच.

या दिवसाची सुरुवात वस्तुतः आदल्या रात्रीच होते. उतरणाऱ्या प्रवाशांच्या खोल्यांवर रंगीत, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या येतात, त्या पेट्यांना बांधून पेट्या रात्री दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. जे पुढच्या फेरीसही राहणार, त्यांनी पेटी बाहेर ठेवावयाची नाही. ठेवलीत तर ती सकाळी धक्क्यावर पोचेल आणि आपण वर राहाल! आपल्यासाठी एक निराळे पत्र येते. सकाळी कोणत्या वेळी, कोणत्या दिवाणखान्यात जमावे, हे त्यात लिहिलेले असते. खोली बदलावयाची असेल तर बहुधा कपडे हँगरसह तसेच ठेवता येतात, खोलीसेवक ते नव्या खोलीत नेऊन लावतात. खणांतल्या वस्तू मात्र आपणच पिशवीत भरावयाच्या. खोलीतल्या तिजोरीत काही राहिले नाही ना, हे दोनदा पाहावे.

त्याच रात्री पहिल्या फेरीचा हिशेब बंद होतो. आपल्या नावावर काढलेला खर्च आपल्या कार्डावरून वसूल होतो आणि दुसऱ्या दिवशी नवे खाते उघडते. इंटरनेटचे वा पेयांचे शुल्क फेरीपुरते भरलेले असेल, तर तेही त्या सकाळी संपते. फेरी संपली की सवलत संपली. सरकारी माणसास हे समजावयास कठीण जाऊ नये, आमचे आर्थिक वर्षही ३१ मार्चच्या मध्यरात्री असेच संपते.

आता त्या सकाळकडे वळू. पहाटे साडेपाचला जाग आली तो नौका संथ झालेली. बंदराचा पायलट चढला होता. सहाच्या सुमारास सिंगापूरचे दिवे खिडकीत आले. जिन्यांवर चादरींचे ढीग, वाटेवर झाडूची यंत्रे, दुकाने बंद. नौका बंदरात असेपर्यंत करमुक्त मालाची दुकाने उघडत नाहीत. न्याहारीला नेहमीपेक्षा लवकर आणि घाईची गर्दी. काल ज्यांच्यासोबत जेवलो, हसलो, ती माणसे हातातल्या पिशव्या सांभाळत घड्याळाकडे पाहत होती. कुणी ओळख दाखविली, कुणी नाही. सहल संपलेल्या माणसाचे मन आधीच घरी पोचलेले असते. आम्हीही धक्क्याच्या हालचाली पाहण्याच्या नादात चहा आणि एक टोस्ट एवढ्यावरच उठलो. आमच्या सौभाग्यवतींनी मधुमेहाची सकाळची गोळी घेतली आणि त्याही तेवढ्यावरच उठल्या. या गोष्टीकडे पुन्हा येऊ.

साडेआठच्या सुमारास आमच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आमचा खोलीसेवक देवगडकडचा एक तिशीचा तरुण होता. पहिल्याच दिवशी सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, "अहो, टॉवेल ओले आहेत, कुणाला सांगायचं?" आणि मागून आवाज आला, "काकू, आत्ता बदलतो." तेव्हापासून आम्ही त्याचे काका-काकू झालो होतो. आदल्या रात्री तो सांगून गेला होता, "काकू, उद्या मी घराक जातंय." त्याचा नऊ महिन्यांचा करार संपला होता. आम्ही मनात समजून होतो की दुसऱ्या फेरीतही हाच मुलगा असणार. नौका तीच, खोली तीच, मग माणूसही तोच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

दारात तो एकटा नव्हता. त्याच्यासोबत इंडोनेशियाचा एक तरुण उभा होता. आमच्या मुलाच्या हातात एक कागद होता आणि तो इंग्रजीत एकेक कलम वाचून दाखवीत होता. या खोलीत दोन उशा जास्त. फ्रीज बंद करावयाचा नाही, औषध असते. सकाळचा चहा बिनसाखरेचा. काका पहाटे उठतात, तेव्हा वाटेतला दिवा लावून ठेवावयाचा. आमच्या नोकरीत 'चार्ज देणे' आणि 'चार्ज घेणे' असा विधी असतो. दोन प्रतींत कागद, दोघांच्या सह्या, कपाटांच्या किल्ल्या मोजून. असे कागद आम्ही डझनावारी सही केले. परंतु आमच्या जागी येणाऱ्या माणसाला, अमुक टेबलावरच्या वृद्ध कारकुनाला मोठ्याने बोलावे लागते, एवढी साधी गोष्ट आम्ही कधी लिहून दिल्याचे स्मरत नाही.

त्या दिवशी खोल्या साफ करणाऱ्यांच्या कामाला सीमा नसते. एकेकाकडे डझनाहून अधिक खोल्या, आणि साऱ्या एकाच सकाळी नव्यासारख्या करावयाच्या. नाविकांच्या श्रमासंबंधी २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती दिलीच पाहिजे. भारतानेही २०१५ साली तो मान्य केला. हे आकडे उलटे वाचले की या लोकांचा कामाचा दिवस केवढा असू शकतो ते कळते. म्हणून त्या दिवशी आपली खोली उशिरा आवरली गेली तर तक्रार करू नये, हे आमचे पहिले सांगणे.

दहा वाजता आम्ही सांगितलेल्या दिवाणखान्यात जमलो. राहणारे प्रवासी सारे मिळून साठ-सत्तर असू. येथे बंदराबंदराची रीत निराळी. अमेरिकेतील बंदरांत जुना शेवटचा प्रवासी उतरून नौकेवरील प्रवाशांची गणना शून्यावर आल्याशिवाय नव्याला चढू देत नाहीत. तेथे राहणाऱ्यांनाही खाली उतरावे लागते आणि तपासणी करून घेऊन पुन्हा वर यावे लागते. काही बंदरांत वरच बसू देतात. आम्हांला सिंगापुरात उतरून रीतसर प्रवेश करावा लागला. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे भारतीय प्रवाशाने घरूनच पाहून घ्यावे. प्रत्येक फेरीच्या अखेरीस आपण त्या देशात नव्याने प्रवेश करीत असतो, काल तेथूनच निघालो हे कारण चालत नाही. सिंगापूरचे आगमनपत्रही त्यासाठी पुन्हा भरावे लागते. ते तीन दिवस आधीपासून भरता येते आणि त्यास शुल्क नाही. जकातीचे नियमही लागू होतात. सिगारेटला तेथे सूट मुळीच नाही, आणि च्युइंग गम नेण्यास १९९२ पासून बंदी आहे. आमच्या रांगेतील एका गृहस्थांच्या खिशातून ती निघाली, तेव्हा तपासणाऱ्याच्या चेहऱ्यावरची ती विशिष्ट सभ्य कठोरता पाहून आम्हांस घरच्यासारखे वाटले.

'पंधरा-वीस मिनिटांचे काम' असे कुणीतरी म्हणाले होते. आम्ही तेच खरे धरून, औषधांची आणि खाऊची पिशवी खोलीतल्या टेबलावर ठेवून, केवळ पारपत्रे आणि नौकेचे कार्ड घेऊन उतरलो. सौभाग्यवतींच्या हातात मात्र एक डबा होता. चिरंजीवांसाठी केलेल्या रव्याच्या लाडवांपैकी उरलेले दहा-बारा लाडू त्यांनी देवगडच्या मुलासाठी बांधले होते. सकाळी तो घाईत निघून गेला, म्हणून डबा हातातच राहिला.

पंधरा मिनिटांचा दीड तास झाला. उतरणाऱ्यांची रांग लांबली होती, तिच्या मागे आमची. वर परत जावयाचे तर तपासणी पुरी झाल्याशिवाय जाता येईना. साडेअकराच्या सुमारास सौभाग्यवती गप्प झाल्या. आम्ही पाहिले तो कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि त्या काही सांगू पाहत होत्या ते शब्द नीट जुळत नव्हते. साखर उतरली होती. गोळी पोटात, अन्न नाही. ग्लुकोजची पुडी आमच्यापासून चारशे पावलांवर, पण वर खोलीत! तीस वर्षे आम्ही प्रवाशांना 'आवश्यक वस्तू हातात ठेवा' असे सांगत आलो, त्या आम्हीच हात रिकामे ठेवून उभे होतो. त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या मनाची जी अवस्था झाली, ती शब्दांत सांगणे कठीण. मग तो डबा आठवला. झाकण उघडून एक लाडू त्यांच्या तोंडाशी धरला, मग दुसरा. रांगेतल्या एका चिनी आजीबाईंनी आपली खुर्ची दिली आणि पाणी आणून दिले. दहा-पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. पहिले वाक्य त्या बोलल्या ते असे : "त्या मुलाचे लाडू आपणच खाल्ले."

बंधुभगिनींनो, या दिवसाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही ठेवा. उतरण्यापूर्वी पोटभर खा, आणि औषधे, चष्मा, काही खाऊ, पाणी आणि पारपत्र हातातल्या पिशवीत घ्या. 'आपण तर राहणारच आहोत' हा विचारच आपल्याला गाफील करतो. उतरणारा सावध असतो, चढणारा सावध असतो. राहणारा तेवढा बेसावध.

थोड्या वेळाने करार संपलेल्या कर्मचाऱ्यांची एक तुकडी बाजूच्या वाटेने आली. जीन्स आणि निळा सदरा घातलेला एक तरुण आमच्यापुढे येऊन उभा राहिला. गणवेशाविना आम्ही त्याला ओळखलेच नाही. सौभाग्यवतींनी ओळखले. अर्धा राहिलेला डबा त्यांनी त्याच्या हातात दिला आणि तो अर्धा का, तेही सांगितले. तो हसला नाही. "मी आत सांगून ठेवलंय, काकू," एवढेच म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि तुकडीमागे निघून गेला.

या अवधीत धक्क्यावर जे चालले होते, ते आम्ही काचेतून पाहत होतो. नोकरीत हा देखावा नित्याचा, परंतु प्रत्येक वेळी आम्ही कागदपत्रांत गढलेलो असू. नौकेच्या कुशीतले दरवाजे उघडतात आणि भाज्या, फळे, अंडी, पीठ, दूध यांचे पॅलेट फोर्कलिफ्टवरून आत जाऊ लागतात. त्याच वेळी दुसऱ्या दारातून कचरा बाहेर येतो. समुद्राच्या बाजूस इंधनाचा बार्ज लागतो. नवे नाविक पेट्या घेऊन चढतात, जुने उतरतात. कुठे काच पुसली जाते, कुठे रंगाचा हात मारतात. हे सारे सात-आठ तासांत. दूध, पीठ वा औषध यांपैकी काही राहिले तर पुढल्या बंदरापर्यंत ते मिळणार नाही. ज्याला प्रवासी निवांत सुटी म्हणतो, तिच्या मागे ही अशी एक विलक्षण घाईची सकाळ असते.

एकच्या सुमारास आम्ही वर आलो. नव्या प्रवाशांची वर्दळ अजून सुरू व्हावयाची होती, त्यामुळे भोजनगृह जवळजवळ रिकामे मिळाले. राहणाऱ्याला त्या दिवशी मिळणारे हे एक सुख खरे. खोलीच्या दारात तो इंडोनेशियाचा तरुण उभा होता. त्याने मान लववून सौभाग्यवतींना म्हटले, "गुड आफ्टरनून, काकू." ते त्यांचे नावच आहे अशी त्याची समजूत होती. टेबलावर फळांची बशी आणि बिनसाखरेचा चहा. चार्ज पुरा दिला गेला होता.

दुपारी साडेतीनला ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली : सर्व प्रवाशांनी सुरक्षा कवायतीसाठी आपापल्या ठिकाणी हजर राहावे. आमच्याबरोबर राहिलेल्यांपैकी काहीजण म्हणाले, "आपली तर तीन दिवसांपूर्वीच झाली." आम्हीही खुर्चीतून उठण्याचा कंटाळा केला असता. सौभाग्यवती मात्र उठल्या. म्हणाल्या, "तुमच्या आजोळची गोष्ट विसरलात?"

आमचे आजोळ अलिबाग तालुक्यातले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अमावास्येच्या आदल्या की त्याच दिवशी, सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत वादळी समुद्रात बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत आमच्या आईचे एक काका होते. आई सांगे की त्यांच्या घरी कितीतरी दिवस ते बोटीत चढले होते की नाही, हेच निश्चित कळेना. त्या बोटीत नेमकी किती माणसे होती याचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. कुणी मोजलेच नसेल, तर कोण गेला हे तरी कसे सांगणार?

म्हणून ही मोजणी. १९१२ च्या टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यात पुढे सुधारणा होत गेल्या. तरीही १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही नौका इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ माणसे दगावली. त्याच सायंकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर व्हावयाची होती. तेव्हाच्या नियमाने चोवीस तासांची सवड असे. नौकेवर जुने प्रवासी होते, नवे होते. जुन्यांना वाट ठाऊक, नव्यांना नाही. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता नौका सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. आमच्या नौकेवर राहणाऱ्यांनाही हजेरी पुन्हा द्यावी लागली. सात आखूड आणि एक लांब भोंगा, हा इशारा आम्ही पुन्हा ऐकला, आपली जागा पुन्हा पाहिली. शेजारी केरळातले एक वृद्ध जोडपे प्रथमच आले होते. लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांना लागेना, तो आम्ही लावून दिला. तीन दिवसांपूर्वी आम्हांला कुणी लावून दिला होता, हे तेव्हा आठवले.

पाचला नौका सुटली. रात्री भोजनगृहात तीच गाणी, पहिल्या दिवसाचीच पाककृती, तेच विनोद. पण टेबलावरची माणसे नवी. आम्ही जुने म्हणून लोक आम्हांस वाटा विचारू लागले, आणि पहिल्या फेरीत ज्या नौकेवर आम्ही पाहुणे होतो, तेथे दुसऱ्या फेरीत थोडे यजमान झालो.

आता हे सारे येथे का सांगितले? आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. आपली वस्ती बदल्यांची. दर मे-जूनमध्ये काही कुटुंबे उतरतात, काही चढतात, आणि आमच्यासारखे काही राहतात. खरे सांगतो, मागल्या वर्षी गणेशोत्सवात एक तरुण जोडपे कडेवर लहान मुलगी घेऊन दोन दिवस आले. आरतीला मागे, दाराशी उभे राहिले. आम्ही समोरच्या रांगेत होतो, आम्ही त्यांना पाहिले. उद्या विचारू म्हणून नाव विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पुढे कळले की त्यांचीही बदली झाली. या गावी ती माणसे राहून गेली आणि आपल्या कुठल्याही यादीत त्यांची नोंद नाही. आम्ही राहणारे होतो, आणि राहणारा बेसावध असतो.

म्हणून मंडळाच्या चरणी एक विनंती. दरवर्षी जूनमध्ये एक दिवस आपण पालटाचा दिवस म्हणून पाळावा. त्या दिवशी सभासदांची यादी कोरी करावी, आणि आम्ही पंचवीस वर्षांच्या जुन्यांनीही आपले नाव पुन्हा सांगून ती भरावी. जाणाऱ्याने आपल्या शेजारच्या घरात कुणाला काय लागते, हे येणाऱ्याला चार ओळींत लिहून द्यावे. नव्याचा पट्टा जुन्याने लावून द्यावा. आमच्या निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. आमचाही उतरण्याचा दिवस येईल, तेव्हा आमच्या हाती असा एक कागद असावा आणि तो घेणारा कुणी दारात उभा असावा, एवढीच इच्छा आहे.

आणि ते दाराशी उभे राहिलेले जोडपे, कोणत्याही गावी असो, हे पान त्यांच्या वाचनात आले, तर आम्हांस त्यांचे नाव कळवावे. यादीत जागा राखून ठेवली आहे.